उपसर्ग

परीक्षा जवळ आल्या की नागसेनवनाच्या आसपासच्या अभ्यासिकांत मध्यरात्रीपर्यंत दिवे असतात. खुर्चीला खुर्ची खेटून पोरं बसलेली. कुणी तलाठ्याची तयारी करतोय, कुणी फौजदाराची, कुणी बँकेची. मागच्या महिन्यात अशाच एका ठिकाणी बसलो होतो. शेजारी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला पोरगा इंग्रजीच्या गाईडातले शब्द पाठ करत होता. मान डोलवत, तालात. अनटायडी म्हणजे गबाळा. अनटाय म्हणजे सोडणे. अनटिल म्हणजे पर्यंत. अनटचेबल म्हणजे...

इथं त्याचा आवाज खाली गेला. ओठ हलले, शब्द ऐकू आला नाही. मग अनट्रू म्हणजे खोटे, हे पुन्हा मोठ्यानं.

यादी अक्षरक्रमानं लावलेली आहे. छापणाऱ्याच्या पोटात काही काळंबेरं असेल असं आमचं म्हणणं नाही. पण 'गबाळा' आणि 'खोटे' यांच्या मधे आपला आजा-पणजा नेऊन बसवलाय, आणि तोही एका मार्कासाठी, हे दिसल्यावर गप्प कसं बसायचं? या अंकाचं संपादकीय शिष्यवृत्तीच्या रखडलेल्या हप्त्यांवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या अंकात येईल. आधी त्या खाली गेलेल्या आवाजाचा हिशेब करू.

मराठीत 'उपसर्ग' या शब्दाला दोन अर्थ आहेत. शाळेत गुरुजींनी शिकवलेला एक: शब्दाच्या आधी चिकटून त्याचा अर्थ फिरवणारं अक्षर. दुसरा घरातला: पीडा, त्रास, रोगाची बाधा. म्हातारी माणसं विचारतात, "त्याचा काही उपसर्ग नाही ना रे तुला?" वैयाकरण हे दोन अर्थ वेगळे ठेवतात. आपल्या वाट्याला दोन्ही एकदमच आले.

आता थोडं व्याकरण. कंटाळू नका, व्याकरणानंच आपल्याला बांधलंय. संस्कृतात नकारासाठी 'अ', पुढे स्वर आला की 'अन्'. ग्रीकमध्ये हुबेहूब तोच नियम. लॅटिनमध्ये 'इन', इंग्रजीत 'अन'. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ही चारही भावंडं एकाच जुन्या नकाराच्या पोटची. म्हणजे 'अस्पृश्य'चं 'अनटचेबल' झालं तेव्हा शब्द परक्या घरी गेला नाही, भावकीतच गेला. पण जाताजाता एक चलाखी झाली. 'स्पृश्य'मधला 'य' हा पूज्य, वंद्य, त्याज्य यांतला 'य' आहे. तो 'करावं' असं सांगतो. तेव्हा अस्पृश्य म्हणजे शिवू नये असा. हा हुकूम झाला. हुकूम म्हटला की विचारता येतं: कुणाचा? कोणत्या पोथीत? कुणाच्या फायद्याचा? इंग्रजीतला 'एबल' मात्र बहुधा वस्तूचा गुण सांगतो. वॉशेबल कापड धुता येतं, पोर्टेबल टीव्ही उचलून नेता येतो. मग अनटचेबल ऐकल्यावर इंग्रजी वाचकाला काय वाटणार? या माणसातच काहीतरी आहे, ज्यामुळे त्याला शिवता येत नाही!

शिवत नाही तो, आणि विशेषण आम्हाला. वाक्यातून कर्ताच पळवून लावला. हा पळ काढणारा कर्ता मराठवाड्यानं चांगला बघितलाय. १९७८ साली आपल्या वस्त्या 'जळाल्या' की 'जाळल्या'? एक काना एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकला की गुन्हेगार मोकळा सुटतो.

पळवणकर बाळूचं उदाहरण घ्या. चांभाराचा पोर, डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ साली भारताचा पहिला संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. जो चेंडू खेळताच येत नाही त्याला क्रिकेटवाले 'अनप्लेएबल' म्हणतात, आणि ती चेंडूची तारीफ असते. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून बाळू खेळायचा. त्यानं टाकलेला चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक हातात घ्यायचे, झेलायचे, परत त्याच्याकडे फेकायचे. चहाची वेळ झाली की त्याला चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही, कपाला विटाळ. चेंडू 'अनप्लेएबल' म्हणून गौरव, बाळू 'अनटचेबल' म्हणून बाहेर. एकच 'अन'.

अमेरिकेत तर आणखी गंमत. तिथं 'अनटचेबल्स' म्हणून जे गाजले ते शिकागोच्या अल कपोनच्या मागे लागलेले सरकारी शिपाई. लाच त्यांना शिवू शकत नाही म्हणून ते अनटचेबल! १९८७ साली त्यांच्यावर सिनेमाही आला. म्हणजे शब्दाला स्वतःचा रंग नसतो. तो कुणी कुणाला लावला यावर सगळं ठरतं.

सरकारनं लावलेले 'अन' आणखी वेगळे. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, केंद्राचा २००५ चा. दोन्हींत काम कसलं? 'अनस्किल्ड', म्हणजे अकुशल. दगडाची नस ओळखून एका घावात खडक दुभंगणारा अकुशल. मेलेल्या ढोराचं कातडं एकही चीर न पाडता सोलणारा अकुशल. आणि मस्टरवर सही करणारा कुशल! २००८ च्या कायद्यात कामगार 'अनऑर्गनाइज्ड' झाले, असंघटित. जणू संघटित व्हायचा त्यांनीच आळस केला. गिरणीच्या दारात, मोंढ्यात, बांधकामावर त्यांना संघटित होऊ कुणी दिलं नाही, हे त्या 'अन'मध्ये मावत नाही.

'अन'चा चुलतभाऊ 'नॉन' आपल्या इतिहासात एकदा असाच बसलाय. १८१८ साली कोरेगावला लढलेल्या महारांना इंग्रजानं १८९० च्या दशकात 'नॉन-मार्शल' ठरवून लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडली, १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. दुसरं युद्ध आलं, १९४१ साली महार रेजिमेंट. मालकाला गरज पडली की 'नॉन' पुसला जातो, गरज संपली की पुन्हा चिकटतो. लढण्याची ताकद मधल्या काळात कुठं गेली होती?

इथं एका शब्दावर जरा थांबा, कारण त्यात आपल्या पोरांचं रोजचं नुकसान आहे. 'अनरिझर्व्ड'. जाहिरातीत एवढ्या जागा एससी, एवढ्या ओबीसी, एवढ्या अनरिझर्व्ड. आपला पोरगा काय वाचतो? अनरिझर्व्ड म्हणजे त्यांच्या. साफ चूक. अनरिझर्व्ड म्हणजे कुणाच्याही नावानं न राखलेली जागा. रेल्वेचा अनरिझर्व्ड डबा आठवा. तो कुणाच्या बापाचा नसतो, चढेल त्याचा असतो. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं सांगून ठेवलंय की मागासवर्गीय उमेदवार गुणवत्तेवर खुल्या जागेत आला तर तो राखीव जागेत मोजायचा नाही. वयाची किंवा आणखी कसली सवलत घेतली असेल तर नियम भरतीगणिक बदलतात, ते डोळ्यांत तेल घालून वाचा. पण 'त्यांच्या जागा' हे शब्द तोंडातून काढून टाका. न राखलेली जागा आपणच मनातल्या मनात दुसऱ्यासाठी राखून ठेवायची, याला काय म्हणायचं?

आता त्या पोराच्या यादीत परत जाऊ. 'अनटचेबल'च्या दोन ओळी वर 'अनटाय' होता. गाठ सोडणे. हा 'अन' मात्र त्या 'अन'चा कुणी लागत नाही. दिसायला जुळा, पण रक्त वेगळं. अनकाइंडमधला 'अन' 'नाही' म्हणतो. अनटाय, अनलॉक, अनडू यांतला 'अन' झालेलं उलटवतो. इंग्रजीत हे दोन उपसर्ग वेगवेगळ्या मुळांतून आले आणि पुढे एकसारखे दिसू लागले. पहिला विशेषणाला चिकटतो नि माणसाला जागच्या जागी खिळवतो. दुसरा क्रियापदाला चिकटतो, आणि क्रियापद म्हटलं की करणारा लागतो. गाठ कुणीतरी मारली असल्याशिवाय सोडता येत नाही.

बाबासाहेबांच्या १९४८ च्या पुस्तकाचं नाव बघा. अस्पृश्य मूळचे कोण, आणि ते अस्पृश्य का 'झाले'. हे 'झाले' सोन्यासारखं आहे. झाले, म्हणजे आधी नव्हते. नव्हते, म्हणजे ती गाठ आहे, कातडी नाही. विशेषणाचं त्यांनी क्रियापद करून टाकलं.

आणि सोडणं हे एकदाच करून भागत नाही, कारण उलटवायला समोरचेही बसलेले असतात. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसह हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली. सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला. हाही 'अनडू'च. मग डिसेंबरात दुसरी परिषद आणि मनुस्मृतीचं दहन, मग कोर्टबाजी. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. दहा वर्षं एका तळ्याची गाठ सोडण्यात.

राज्यघटनेचं सतरावं कलम तुमच्यापैकी किती जणांनी छापील बघितलंय? ऐकलेलं सगळ्यांनी असतं. बघा एकदा. इंग्रजी मजकुरात 'अनटचेबिलिटी' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. व्याख्या कुठंच दिलेली नाही. घटना समितीत त्यावर हरकत निघाली होती, की शब्द मोघम आहे. बाबासाहेबांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. पुढे १९५८ साली म्हैसूर हायकोर्टानं सांगितलं की त्या चिन्हांमुळे कळतं, इथं शब्दाचा व्याकरणातला अर्थ धरायचा नाही, या देशात इतिहासानं जी प्रथा घडवली ती धरायची. व्याकरणाला घटनेनं दाराबाहेर उभं केलं. १९५५ च्या कायद्याच्या नावातही आधी अस्पृश्यता होती. १९७६ साली नाव बदलून 'नागरी हक्क संरक्षण' झालं. नावातला 'अ' गेला. गावातला?

आपलीच जुनी नावं तपासली तर तिथंही उपसर्ग सापडतात. वलंगकरांची 'अनार्य दोषपरिहारक मंडळी'. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली काढलेली 'निराश्रित साह्यकारी मंडळी'. अन्, निर्. माणसं मोठी, काम मोठं, पण नावात आपण काय नाही ते आधी. 'दलित'ला असा नकार चिकटलेला नाही. दळलेला, तुडवलेला. लगेच विचारावं लागतं: कुणी तुडवला? म्हणून तो शब्द पांढरपेशांना अजून बोचतो.

याचा अर्थ नकार वाईट असा नाही हां. अनित्य, अनात्म, अवैर, सगळे 'अ'चेच शब्द, आणि ते बुद्धाचे. २२ प्रतिज्ञांतल्या सुरुवातीच्या बहुतेक 'नाही'नंच संपतात. पण तो 'नाही' आपल्या तोंडचा आहे, शेवटी ठासून म्हटलेला. त्यांचा 'अन' आपल्या नावाच्या पुढे, आपण तोंड उघडायच्या आत.

आणि उपसर्ग लावायची किंमत या शहराला कुणी सांगू नये. विद्यापीठाच्या नावाआधी एक नाव लावायचं होतं. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा. प्रत्यक्ष नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामांतर नाही, नामविस्तार म्हणून. सोळा वर्षं, जाळलेल्या वस्त्या, लाँग मार्च, तुरुंग, गेलेले जीव. गेटवरून जाता-येता सेल्फी काढणाऱ्यांनी वरची पाटी एकदा सावकाश वाचावी.

त्या पोराशी त्या रात्री चहाच्या टपरीवर बोलणं झालं. यातलं बरंचसं त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "सर, मग अनटिलमधला अन कुठला?" तो या दोघांतला कुठलाच नाही, त्याचा अर्थ 'पर्यंत'च. अंकल, अंडर यांतही नकार नाही. युनियन, युनिटी यांत तर 'एक' आहे, स्पेलिंग मात्र 'अन'चंच. हे ऐकून तो हसला, म्हणाला, "हे गाईडात नाही." नंतर अभ्यासिकेत येऊन त्यानं पेन्सिल काढली आणि त्या एका शब्दाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं घातली. यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

जाहिरातीत, मुलाखतीच्या शेऱ्यात, हॉस्टेलच्या नोटिशीत तुम्हाला भेटलेले असे शब्द तारखेसह लिहून ठेवा, आणि अंक वाटायला येणाऱ्या कार्यकर्त्याजवळ द्या. चार पानं राखून ठेवतोय. शिष्यवृत्तीवरचा लेख त्यांच्या आधी लागेल.

जय भीम.