पवित्र भूमीतील नाताळ आणि आपली परदेशी गेलेली मुले

प्रभू येशूच्या जन्मभूमीत नाताळ हा कामाचा दिवस असतो, असे सांगितले तर आपल्या भाविकांना ते सहसा पटत नाही. इस्राएलमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी नसते. बस नेहमीप्रमाणे धावतात, बँका उघडतात, बाजार भरतो. तेथील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहूनही कमी असून तीत अरब ख्रिस्ती बांधवच बहुसंख्य आहेत. बेथलेहेम पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या अखत्यारीत असल्याने तेथे मात्र सुट्टी असते. जेरुसलेमपासून हे अंतर जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. मध्ये तपासणी नाका आणि काँक्रीटची उंच भिंत.

हा विषय काढण्यास कारण आहे. मे २०२३ मध्ये भारत व इस्राएल यांच्यात ४२ हजार भारतीय कामगारांविषयी करार झाला. त्यात ३४ हजार बांधकामासाठी आणि ८ हजार शुश्रूषेसाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर या भरतीला वेग आला आणि २०२४ च्या सप्टेंबरात ती आपल्या पुण्यापर्यंत पोहोचली. करारापूर्वीही तेथे सुमारे १८ हजार भारतीय होते आणि त्यांतील बहुतेक जण वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या घरी राहून त्यांची सेवा करणारे केअरगिव्हर होते. मंगळूर, केरळ, गोवा येथील कॅथलिक बंधुभगिनींची संख्या त्यांत लक्षणीय आहे. हल्ली आमच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येणारे तरुण-तरुणीही कधी कधी या देशाचे नाव घेतात. व्हिसा, पगार, एजंटाचे पैसे यांची चौकशी त्यांनी कसून केलेली असते. तेथे मिस्सा कोणत्या वारी असते, हे मात्र त्यांना ठाऊक नसते. त्यांना दोष का द्यावा? आम्ही तरी ते कधी सांगितले?

बायबलच्या अभ्यासासाठी आम्ही जेरुसलेमला होतो ते वर्ष २००५. त्या वर्षी २५ डिसेंबर रविवारी आला होता; पण रविवार हा तेथे आठवड्याचा कामाचा पहिला दिवस. आदल्या रात्री बेथलेहेमच्या संत कॅथरीन मंदिरात लॅटिन पॅट्रिआर्क मिशेल सब्बा यांनी मध्यरात्रीची मिस्सा अर्पण केली. गर्दीत उभे राहून पाय दगडासारखे गार पडले होते. पहाटे जेरुसलेमला परतलो, थोडे झोपलो आणि जागे झालो तेव्हा रस्त्यावर दूधवाल्याची गाडी, कामाला निघालेली माणसे, कुणाच्याही चेहऱ्यावर सणाची खूण नाही. आपल्या गावी त्या वेळी नव्या कपड्यांतली मुले घरोघर कुलकुले वाटीत असतील, हे आठवून आम्हांस, धर्मगुरू असूनही, पोरके वाटले. हे कबूल करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

त्याच संध्याकाळी खिडक्या-खिडक्यांतून एकेक ज्योत लागली. हनुक्काची ती पहिली रात्र होती. यहुदी पंचांग चांद्र असल्याने हा सण आपल्या तारखांत मागे-पुढे सरकतो. त्याची पहिली ज्योत नाताळच्याच संध्याकाळी लागण्याचा योग त्यानंतर थेट २०२४ मध्ये आला. आठ रात्री रोज एक ज्योत वाढवायची आणि दिवा रस्त्यावरून दिसेल असा ठेवायचा, अशी ही प्रथा. तेलात तळलेले गोड वडे, ज्यांना ते सुफगानियोत म्हणतात, घरोघरी खातात. आम्हांस ते पाहून आपल्याकडच्या नाताळातील फुग्यांची आठवण झाली, जरी त्यांत जॅम भरलेला असतो.

हा 'त्यांचा' सण आहे असे समजून आम्ही बाजूला उभे होतो. वास्तविक त्याची कथा आमच्याच बायबलात आहे. राजा अंतियोख याने जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले, यहुदी धर्माचरणावर बंदी घातली; यहूदा मक्काबी व त्याच्या भावांनी लढून इ. स. पूर्व १६४ मध्ये ते पुन्हा शुद्ध करून देवाला अर्पण केले. हा वृत्तांत मक्काबीच्या पहिल्या ग्रंथात आला आहे. गंमत अशी, की हे ग्रंथ यहुदी पवित्र शास्त्रात समाविष्ट नाहीत आणि आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या जुन्या करारातही नाहीत. कॅथलिकांच्या बायबलात ते आहेत. एक दिवसाचे तेल आठ दिवस पुरल्याची प्रसिद्ध कथा मात्र त्यांत नाही, ती तालमूदमधली. संत योहान तर आपल्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात सांगतो, की मंदिराच्या पुनःस्थापनेच्या या सणाला, हिवाळ्यात, प्रभू येशू स्वतः मंदिराच्या पडवीत फिरत होता. म्हणजे हिवाळ्याचा जो सण आपल्या प्रभूने पाहिला, तो हाच.

याच कथेचा एक धागा आपल्या कोकण किनाऱ्यालाही येऊन लागतो. अलिबाग तालुक्यातील नवगावजवळ ज्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले अशी परंपरा सांगितली जाते, ते बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली, अंतियोखाच्याच छळाला कंटाळून निघाले असे त्यांच्यात मानले जाते. त्यांना पूर्वी हनुक्का माहीत नव्हता आणि त्याचे कारण हेच दिले जाते, की मंदिर पुन्हा शुद्ध होण्यापूर्वीच त्यांनी मायभूमी सोडली होती. त्यांतील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली. रामला गावी अशा एका घरी त्या आठवड्यात आम्ही गेलो होतो. आडनावाच्या शेवटी 'कर', भिंतीवर हिब्रू, बोलण्यात अलिबागची मराठी. दिवे लावून झाल्यावर घरातल्या आजींनी विचारले, "काय फादर, तुमचा सण झाला ना? मग घरची आठवण येत असेल." मायबोलीत नाताळाची चौकशी करणाऱ्या त्या एकट्याच.

केअरगिव्हर म्हणून गेलेल्या आपल्या मुली अशाच घरांत राहतात. ज्या वृद्धेला त्या अंघोळ घालतात, भरवतात, तिचा दिवाही हात धरून त्याच लावून देतात. स्वतःच्या धर्माचे सण सुट्टीसाठी निवडण्याची मुभा तेथील कायदा त्यांना देतो. पण आजारी माणसाला सोडून जायचे कसे, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. रविवारी काम असल्याने तेल अवीव व जाफा येथे स्थलांतरितांसाठी शनिवारी मिस्सा होतात. जाफाच्या संत अँथनी मंदिरात अनेक देशांचे कामगार जमतात. जेरुसलेमच्या लॅटिन पॅट्रिआर्केटने स्थलांतरितांसाठी स्वतंत्र विभाग चालविला आहे. ही माहिती दाखल्यासोबत एका कागदावर देणे कोणत्याही धर्मग्रामाला अवघड नाही, आणि ते आजवर झाले नाही ही आपली चूक आहे.

त्यांनी तेथे कोणते नाताळ पाहिले, हेही लक्षात घ्यावे. २०२३ साली जेरुसलेममधील ख्रिस्तसभांच्या प्रमुखांनी सणाचा थाटमाट टाळण्याचे आवाहन केले. बेथलेहेमच्या चौकात झाड उभे राहिले नाही. २०२४ मध्येही तेच. यात्रेकरू थांबले आणि यात्रेकरूंवर पोट असलेली हॉटेले, जैतुनाच्या लाकडाचे गोठे कोरणारे कारागीर, वाटाडे, सारेच बसून राहिले. कित्येक ख्रिस्ती कुटुंबांनी गाव सोडले. गाझातील एकमेव कॅथलिक धर्मग्राम असलेल्या पवित्र कुटुंब मंदिरावर १७ जुलै २०२५ रोजी तोफगोळा पडून तिघे मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२५ मधील युद्धविरामानंतर त्या डिसेंबरात बेथलेहेमच्या चौकात झाड पुन्हा उजळले. ज्यांची उपासना ७ जानेवारीला होते ते ऑर्थोडॉक्स आणि १९ जानेवारीला नाताळ करणारे तेथील आर्मेनियन बांधव यांनीही पुढे आपापला सण केला.

आपल्या यात्रा कंपन्या बेथलेहेमला दोन-अडीच तास देतात. गुहेतील चांदीच्या ताऱ्याचे चुंबन, फोटो, दुकान आणि परत बस. तेथील धर्मग्रामाची मिस्सा त्या वेळापत्रकात बसत नाही. भिंतीपलीकडे राबणारी आपली मुले भेटण्याचा तर प्रश्नच येत नाही.

जाणाऱ्या मुलांना कागदासोबत मक्काबीचा चौथा अध्याय वाचून जाण्यास आम्ही सांगणार आहोत. आपल्या मिस्सा वाचनांत तो विषम वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, आगमनकाळ उजाडण्याच्या तोंडावर येतो. योहानाचा तो हिवाळ्याचा उतारा मात्र आपण पुनरुत्थानकाळात, ऐन उन्हाळ्यात, पंख्याखाली बसून ऐकतो.