पेशींना सुट्टी नसते, फेलोशिपला मात्र खंड पडतो

फेलोशिपचे पैसे चार-सहा महिने अडले तर विद्यार्थ्याचे काय होते, याचे उत्तर विषयागणिक वेगळे असते. मराठी किंवा समाजशास्त्रात पीएच.डी. करणारा आपला मुलगा तासिका तत्त्वावर एखाद्या कॉलेजात शिकवतो, क्लास घेतो, नाहीतर गावी जाऊन राहतो. हाल त्याचेही होतात, पण वह्या-पुस्तके सोबत असल्याने काम रखडत का होईना चालू राहते. पेशी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मुलीला ही सोय नाही. आपल्या आंदोलनांत हा फरक फारसा बोलला जात नाही.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय एम.एस्सी.ला आहेत. शिरोळ, हातकणंगले, कागलच्या वस्त्यांतली आपली मुले-मुली तिथवर पोहोचली आहेत. पुढे काय, हे विचारायला ती आम्हा कार्यकर्त्यांकडे येतात. घरचे म्हणतात बी.एड. कर, बँकेची परीक्षा दे. त्यांचे चुकत नाही. पाच-सहा वर्षे आणखी शिकायचे आणि त्यानंतरही कायम नोकरीची हमी नाही, हे कोणत्या आईबापांना पटेल? पुण्यात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणजे एनसीसीएस आहे. कोल्हापूरहून रात्रीची गाडी पकडली तर पहाटे पुण्यात. पण त्या इमारतीत दिवसभर काय चालते, हे सांगणारे घरात, भावकीत कोणी नाही.

चालते ते असे. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशी काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या भांड्यात, गुलाबी रंगाच्या पोषक द्रवात वाढवतात. पेटीतले तापमान ३७ अंश, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दर दोन-तीन दिवसांनी द्रव बदलायचा. पेशींनी भांड्याचा तळ भरून टाकला की त्या सोडवून नव्या भांड्यांत वाटायच्या. हात जरा चुकला, बुरशी शिरली, की कित्येक आठवड्यांचे काम फेकून द्यावे लागते. रविवार नाही, दिवाळी नाही. १४ एप्रिललाही कुणाला तरी जावेच लागते. (मिरवणुकीला उशिरा आलेल्या पोरीला नावे ठेवण्यापूर्वी हे लक्षात असू द्या.)

अशा कामात बाहेर शिकवणीला जायला वेळ उरत नाही आणि पेशी गावी घेऊन जाता येत नाहीत. म्हणून इथे फेलोशिप थांबली की संशोधनच थांबते. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७ हजार आणि वरिष्ठाला ४२ हजार रुपये ठरले आहेत. रक्कम वाईट नाही, हे आम्ही मान्य करतो. पण ती दरमहा हातात पडणे ही वेगळी गोष्ट आहे. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात ठाण मांडून बसावे लागले, हे आपण पाहिले. जी मुलगी पेशी सोडून मैदानात येऊ शकत नाही, तिचा आवाज त्या गर्दीत नसतोच. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपमध्ये वर्षाला २ हजार जागा आहेत, त्यातल्या विज्ञानासाठी ५००. आपल्या चळवळीनेही ही विभागणी कधी गंभीरपणे विचारात घेतलेली नाही.

आता थोडे मागे जाऊ. भारतातली पहिली ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा मुंबईत उभारली ती कमल रणदिवे यांनी. जन्म पुण्याचा, १९१७ चा. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हे तंत्र शिकल्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे काम मोठे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या कर्करोगाच्या पेशी वाढवल्या गेल्या, तिला न विचारता. ती त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेली. तिच्या पेशी अजून वाढताहेत. ‘हेला’ नावाने त्या जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. पोलिओच्या लशीच्या चाचण्यांपासून कर्करोगापर्यंत किती संशोधन त्यांवर झाले याला गणती नाही. तिच्या कुटुंबाला मात्र वीसेक वर्षे पत्ता नव्हता. एका मोठ्या कंपनीशी त्यांची तडजोड झाली ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये. आपण दलित पँथर आणि ब्लॅक पँथरचे नाते अभिमानाने सांगतो. हेन्रिएटाचे नाव त्या भाषणांत आम्ही अजून ऐकलेले नाही.

आणि हे लांबचे नाही. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणात आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदलतो, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. रेणूच्या पातळीवर मूळ सापडलेला हा पहिला आजार; १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवले. १ जुलै २०२३ ला केंद्राने याच्या उच्चाटनाची मोहीम जाहीर केली, मुदत २०४७ ची. तपासणीसाठी आपल्या लोकांचे रक्त घेतले जाते, घ्यायलाच हवे. पण त्या रक्तावर कोणता प्रश्न विचारायचा, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती आपल्यातले किती बसतात?

इथे कायदा पाहावा लागतो. जून १९७५ मध्ये केंद्राने आदेश काढला: ‘अ’ गटातल्या सर्वांत खालच्या पायरीच्या वरची, संशोधन करणारी किंवा त्याचे मार्गदर्शन करणारी वैज्ञानिक पदे आरक्षणातून वगळता येतील. केंद्रीय शिक्षणसंस्थांमधल्या प्रवेशाच्या आरक्षणाचा कायदा २००६ चा. त्याच्या परिशिष्टात सूट दिलेल्या संस्थांची यादी आहे आणि त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि टाटा मेमोरियल सेंटर आहेत. ओबेद सिद्दिकींनी १९६२ मध्ये पहिल्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. दुसऱ्या संस्थेचे खारघरचे केंद्र कर्करोगाच्या पेशींवर काम करते. २०१९ च्या अध्यापकांच्या आरक्षणाच्या कायद्यातही याच धर्तीची सूट आहे. पुण्याचे एनसीसीएस या यादीत नाही, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगा.

सूट देणाऱ्यांचे म्हणणे असे की उच्च संशोधनाला फक्त गुणवत्ता हवी. ठीक. मग लेखी परीक्षेत पार झालेले आपले किती विद्यार्थी मुलाखतीत गळतात, हा आकडा दरवर्षी जाहीर करायला अडचण काय? लेखी परीक्षेत चेहरा दिसत नाही, मुलाखतीत आडनाव दिसते, इंग्रजीचा उच्चार ऐकू येतो. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर’ने भारतीय विज्ञानातल्या जातीय विषमतेवर आकडेवारी छापली, तिच्यासाठीही माहिती अधिकाराचा आधार घ्यावा लागला. अव्वल संस्थांत प्राध्यापकांमध्ये दलित-आदिवासी एक टक्काही नाहीत, असे त्यात दिसले. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या करवीर नगरीत बसून हे वाचताना राग येतो.

एक व्यवहाराची गोष्ट. केंद्रीय संस्थांत जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. १९५० च्या आदेशातल्या यादीत ‘बौद्ध’ ही जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, पण दाखल्यावर मूळ जातीची नोंद लागते. नुसते ‘बौद्ध’ असलेला कागद घेऊन मुलाखतीच्या आदल्या दिवशी धावपळ करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी तहसील किंवा प्रांत कार्यालयातून हे काम उरकून घ्या.

आम्ही महाराष्ट्रातल्या जीवशास्त्राच्या केंद्रीय संशोधन संस्थांकडे माहिती अधिकारात तीन प्रश्न पाठवत आहोत: गेल्या पाच वर्षांत अनुसूचित जातींच्या किती उमेदवारांनी पीएच.डी.साठी अर्ज केला, किती मुलाखतीला बोलावले, किती घेतले. सांगली, सातारा आणि सोलापूरच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातली एम.एस्सी. झालेल्या मुला-मुलींची यादी करायला घ्यावी. उत्तरे येतील तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतील.