सोळा बाय दहाची भिंत

अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड, आणि त्यावर पंचीकरणासारखा वेदान्तातला किचकट विषय ओव्यांनी आणि आकृत्यांनी मांडलेला. पंत १६१५ साली गेले. कापड अजून आहे. हिशेब केला तर ते १६० चौरस फूट भरतं. चौकात लागणारा सोळा बाय दहाचा फ्लेक्सही तेवढाच. त्यावर वर नेते, मधे वाढदिवसाचे दादा, खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावून. पंधरा दिवसांत तो वाऱ्यानं फाटतो आणि कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर जाऊन पडतो. त्याचा खरा उपयोग तिथं सुरू होतो.

मी फ्लेक्सवाल्यांशी भांडा म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की यंदाच्या उन्हाळ्यात आपापल्या गल्लीतली एक भिंत रंगवून घ्या.

हे काही मुंबईचं खूळ नाही. मुंबईत २००९ साली तुळशी पाइप रोडला रेल्वेच्या लांबलचक भिंतीवर लोकांनी हौसेनं चित्रं काढली, ते चांगलंच झालं. पण आपल्याकडे नागपंचमीला भिंतीवर नागोबा काढणारी आजी होतीच की. लग्नघराच्या दारावर गणपती, दोन्हीकडे हत्ती आणि 'शुभविवाह' लिहिणारा पेंटर आजही आहे. त्या लग्नातली मुलं शाळेत जायला लागतात तरी भिंतीवर नवरा-नवरीची नावं वाचता येतात. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या बोलक्या भिंती तर सगळ्यांनी पाहिल्यात. कंपाउंडच्या आत पाढे, फळं, नकाशे. बाहेर पाऊल टाकलं की पिचकाऱ्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाला अशीच एक भिंत होती. लोक तिथं उभे राहायचे, कशाला ते सांगायला नको. आधी कुणीतरी देवांच्या टाइल्स बसवल्या. लोक चार पावलं पुढं सरकून उभे राहू लागले. देवाला राखणदारीला बसवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. मग वर्गणी काढली आणि जुन्या बोर्ड पेंटरला बोलावलं. फ्लेक्स आल्यापासून त्याच्याकडे ट्रॉल्यांवर 'आईवडिलांचा आशीर्वाद' लिहिणं आणि लग्नसराईतले हत्ती, यापलीकडे काम उरलं नव्हतं. त्यानं भिंतीवर चौकटी पाडल्या आणि ऊसतोडीचं चित्र घेतलं: फड, बैलगाडी, डोक्यावर मोळी घेतलेली बाई.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीतली एक मावशी थांबली. नुकतीच कारखान्यावरून परत आली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "दोरी कुठली आली दादा? मोळी वाढ्यानं बांधतेत." पेंटरनं काही न बोलता तपकिरी दोरी पुसली आणि उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं काढलं. मावशी दुसऱ्या दिवशी परत आली, या वेळी नातवाला घेऊन. आता भिंतीपुढं कुणी उभं राहिलंच, तर ते चित्र बघायला.

मावशीसारखी माणसं तेव्हाच गावात असतात, म्हणून उन्हाळाच धरा. दिवाळीनंतर भिंती कोरड्या असतात हे खरं, पण तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात. माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर. एप्रिल-मेमध्ये ती घरी असतात, पोरांना सुट्टी असते. फक्त काम सकाळी आणि उन्हं उतरल्यावर करा. भर दुपारी तापलेल्या भिंतीवर रंग लगेच वाळतो, नीट धरत नाही. भिंतीला ओल किंवा लोणा असेल तर आधी तो बघा. पोपडे खरवडा, गिलावा दुरुस्त करा, मग प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा रंग. पश्चिमेच्या भिंतीवरचं चित्र लवकर उडतं. पर्याय असेल तर ती टाळा.

परवानगी लेखी घ्या. खाजगी भिंत असेल तर मालकाची, नगरपरिषदेची असेल तर मुख्याधिकाऱ्यांची. गावात ग्रामपंचायतीचा ठराव करून घ्या. मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा आहे. विनापरवाना रंगवलं तर चांगल्या हेतूनंही अडकाल. (विनापरवाना फ्लेक्सवालेही त्याच कायद्यात बसतात, हे जाता जाता.)

चित्र कुणाचं, यावर जास्त वेळ द्या. जातीपातीवरून आपल्या जिल्ह्यात हवा कशी तापते ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाजूचा महापुरुष काढला की दुसरी बाजू मोजमाप घेऊन येते आणि बिचारी भिंत मधल्या मधे काळी होते. त्यापेक्षा अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती घ्या, बिंदुसरा नदीचा पूर घ्या, बीडची खजाना बावडी घ्या, नाहीतर तुमच्या गल्लीतला कल्हईवाला. आणि जुन्या दगडाला हात लावू नका. वेस, बारव, हेमाडपंती देऊळ यांवर ऑइलपेंट म्हणजे नुकसानच. तिथं झाडू आणि पाणी पुरे.

पेंटरला पैसे द्या, स्क्वेअर फुटानं ठरवून. 'तुमचं नाव होईल' हे सांगू नका. त्याचं नाव मात्र कोपऱ्यात लिहू द्या, आणि वर्गणीदारांची यादी लिहू नका, नाहीतर पुन्हा फ्लेक्सच झाला.

अक्षय्य तृतीयेपर्यंत बहुतेक ऊसतोड टोळ्या परतलेल्या असतात. तोवर भिंत हेरून ठेवा, मालकाशी बोलून घ्या. पेंटरला मात्र आत्ताच गाठा. त्या दिवसांत तो लग्नघरांच्या भिंतींवर हत्ती काढण्यात गुंतलेला असतो.