उष्णतेला वाट हवी

उन्हाळा चढू लागला की जत, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘मोटार जळाली.’ विहिरीवरचा पंप थांबतो, उभे पीक माना टाकते आणि शेतकरी जळक्या वासाची ती मोटार घेऊन तालुक्याच्या वायंडिंगच्या दुकानाची पायरी चढतो. दोष विजेच्या कमी दाबास दिला जातो आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. दाब उतरला की मोटार अधिक प्रवाह खेचते व तापते. परंतु निर्माण झालेली उष्णता मोटारीच्या पोटातच का कोंडून राहते, हा दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

सातारा-सांगलीच्या दृष्टीने तो किरकोळ नव्हे. कऱ्हाडजवळच्या टेंभूपासून कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे चढविणारी योजना काय किंवा ताकारी, म्हैसाळ काय, या साऱ्यांचा भार मोटारींवरच आहे. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीचे नाव तर पंपाशी कायमचे जोडले गेले आहे.

मोटारीतील तांब्याची तार उष्णता उत्तम वाहून नेते. तिच्याभोवतीचे वॉर्निश व राळ मात्र विजेला अडवितात, तसेच उष्णतेलाही अडवितात. तांब्याची उष्णतावाहकता दर मीटरला, दर अंशाला सुमारे ४०० वॉट. साध्या राळेची अवघी ०.२, म्हणजे दोन हजारपट कमी. फटींत अडकलेली हवा तर राळेच्याही सुमारे आठव्या हिश्शाइतकीच उष्णता वाहते. विद्युत अभियंत्यांचा एक जुना ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढले तर विद्युतरोधकाचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. थोड्या अंशांची किंमत किती मोठी असते, हे यावरून उघड होते.

उपाय म्हणून राळेत धातूचा कीस घालावा, तर ती विजेलाही वाट देईल. यास्तव उष्णता नेणारी, पण वीज अडविणारी भुकटी हवी : गारगोटीची, ॲल्युमिनाची किंवा बोरॉन नायट्राइडची. परंतु एकाच आकाराचे गोल कण कितीही हलवून भरले, तरी एक तृतीयांशाहून अधिक जागा रिकामीच राहते. तेथे पुन्हा राळ येते आणि उष्णतेची वाट तुटते. मोठ्या कणांच्या फटींत बारीक कण बसविले आणि त्यांना जोडण्यासाठी चपट्या कणांची थोडी भर घातली, तर ती वाट सलग होऊ लागते. शिवाय तेवढ्याच भुकटीत मिश्रण अधिक पातळ राहते व तारांच्या मध्ये शिरते.

सातारकरांना हे तत्त्व अपरिचित नाही. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण रबल काँक्रीटचे आहे. मोठ्या दगडांच्या मध्ये खडी, खडीच्या फटींत वाळू, वाळूच्या फटींत सिमेंट, हा तोच हिशेब होय. महाग वस्तू थोडी आणि स्वस्त वस्तू पुष्कळ वापरण्याचे शहाणपणही त्यातच आहे. बोरॉन नायट्राइड महाग असल्याने येथे त्याची विशेष गरज आहे.

अशा मिश्रणाने राळेची वाहकता पाच-दहापट वाढू शकते. मात्र हा रामबाण नव्हे. भुकटी अती झाली तर मिश्रण घट्ट होते, बुडबुडे अडकतात, तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडेही जातात. त्याहून व्यावहारिक आक्षेप दुकानातल्या कारागिराचा असेल : राळेने गच्च भरलेली मोटार जळालीच, तर जुनी तार काढावी कशी? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दुरुस्त होऊ न शकणारी टिकाऊ वस्तू गरीब शेतकऱ्याला परवडेलच असे नाही.

म्हणूनच योग्य प्रमाण ग्रंथांतून उतरवून घेता येणार नाही. ते येथेच, येथील उन्हात आणि येथील विजेवर शोधले पाहिजे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासूनचे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचे. मिरज-कुपवाडचे कारखाने हाकेच्या अंतरावर. या कामाला अचाट यंत्रसामग्री लागत नाही. तराजू, चाळण्या, हवा काढणारा पंप, तापमापके आणि चिकाटी एवढ्यावर आरंभ होतो. दोन सारख्या मोटारी, सारखा भार. एकीत साधे वॉर्निश, दुसरीत मिश्र भुकटीची राळ, आणि रोजची नोंद. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना याहून सार्थ प्रकल्प कोणता द्यावा?

त्यांनी प्रथम वायंडिंगच्या दुकानात जावे. मोटार नेमकी कोठे जळते, हे तेथील कारागीर रोज पाहतो. ते लिहून ठेवण्याची सवड मात्र त्याला नसते. आणि जे निष्कर्ष निघतील ते, फसलेल्या प्रयोगांसह, मराठीत त्याच्याच बाकावर परत पोहोचले पाहिजेत. पदवीच्या बांधीव प्रबंधात ते कोंडून राहिले, तर पुढच्या उन्हाळ्यातही जतचा शेतकरी तीच जळकी मोटार घेऊन तीच पायरी चढेल.