तार डोक्यावरून गेली, वाडीत मात्र अंधार

संपादकीय



पावसाळा संपल्यापासून आपले कार्यकर्ते अंबरनाथ तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर फिरतायत. डोंगराच्या पायथ्याला, बारवीच्या अंगाला, बदलापूरच्या वाढत्या इमारतींच्या मागे, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथे बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत आम्ही एकच प्रश्न विचारला. वीज, गॅस, सौरदिवे आणि इंटरनेट यांसाठी सरकारने पैसा काढला, त्यातलं तुमच्या घरात काय पोचलं?

जे बघितलं ते सांगतो. एका घरात गॅसची टाकी होती, पण ती कोपऱ्यात उभी आणि तिच्यावर गोधड्या रचलेल्या. चूल मात्र धगधगत होती. दुसऱ्या वाडीत कुडाच्या भिंतीवर मीटर होता, पण बिल थकलं म्हणून तार काढून नेलेली. तिसऱ्या पाड्यावर विजेचे खांब अर्ध्या वाटेपर्यंत आले आणि थांबले, कारण पुढची जमीन वनखात्याची. एका वाडीत दहावीची पोरगी मोबाईलला रेंज मिळावी म्हणून रोज टेकाडावर चढते. तिथल्या एका म्हाताऱ्या आईने आम्हाला सांगितलं, "योजना येते रे बाबा, पण शेठच्या घरापर्यंत. मंग ती दमते."

ही योजना नेमकी कुठे आणि का दमते, हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे. नाहीतर आपण साहेबाला शिव्या देत बसू आणि साहेब आपल्याला कागद दाखवत बसेल.

पहिली गोष्ट, पैसा नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. उज्ज्वला योजना २०१६ साली आली. तिच्यात बाईच्या नावे अनामत न भरता गॅस मिळतो. ऑक्टोबर २०२३ पासून उज्ज्वलाच्या टाकीला ३०० रुपये अनुदान सुरू झालं. राज्य सरकारने २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजना आणून वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचं जाहीर केलं. घरावर सौर पॅनल बसवायला सूर्यघर योजना आहे. तिच्यासाठी केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५ हजार कोटींवर रक्कम मंजूर केली. खास कातकरी, कोलाम, माडिया अशा आदिम जमातींसाठी पीएम जनमन १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालं, त्यात २४ हजार कोटी. घर, रस्ता, पाणी, वीज आणि मोबाईल टॉवर, सगळं त्यात लिहिलंय. गावागावात इंटरनेटची केबल न्यायच्या भारतनेटला २०२३ मध्ये पुन्हा १ लाख ३९ हजार कोटी मंजूर झाले. म्हणजे पैसा मुबलक आहे, अडतंय ते वाटेत.

वाटेत तीन दारं आहेत: जमिनीचं, कागदाचं आणि रोकडीचं.

जमिनीचं दार सगळ्यात जड. आपली घरं एकतर वनजमिनीवर आहेत, नाहीतर खाजगी मालकाच्या जमिनीवर. मीटर मागायला गेलं की म्हणतात, सातबारा आण, नाहीतर मालकाचा ना-हरकत दाखला आण. मालक कशाला देईल? मीटर लागला की वाडी कायमची होईल, हे तो ओळखून आहे. बदलापूर-अंबरनाथकडे जमिनीला सोन्याचा भाव आलाय. वाडी उठली तर तिथे इमारत उभी राहते. म्हणून मीटर अडवणं हे वाडी उठवण्याचं पहिलं पाऊल असतं.

पण कायदा काय म्हणतो? वीज कायदा २००३, कलम ४३. मालक किंवा भोगवटादार, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तर वीज देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तार जवळ असेल तर एका महिन्यात. मुद्दाम टाळलं तर दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंड. भोगवटादार म्हणजे जो तिथे राहतो तो, म्हणजे आपण. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, तो भाडेकरूचा होता, हे साफ सांगितलं. वीज ही मूलभूत गरज आहे, मालकाने ना-हरकत दिली नाही म्हणून ती नाकारता येत नाही, अर्जदार तिथे राहतो का एवढंच कंपनीने बघायचं. तेव्हा अर्जासोबत रेशनकार्ड, मतदान कार्ड, घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८, जे असेल ते जोडा. अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असं धरलं जातं.

वनजमिनीवरच्या पाड्यांसाठी आपलं हत्यार वेगळं आहे. ज्या वनहक्क कायद्याने आपल्याला पट्टे मिळाले, त्याच २००६ च्या कायद्यात कलम ३(२) आहे. आपण पट्ट्यांच्या दाव्यात इतके गुंतलो की या कलमाकडे कमी बघितलं. त्यात तेरा सुविधा दिल्यात. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचं पाणी आणि रस्ता तर आहेच, पण विजेच्या व टेलिफोनच्या तारा आणि अपारंपरिक ऊर्जाही आहे. सरकारने चालवायच्या या कामांसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा आणि हेक्टरी ७५ पर्यंतच झाडं, एवढी मर्यादा. आणि शिफारस कुणाची लागते? ग्रामसभेची. दिल्लीची फाईल नाही, नागपूरची नाही. तेव्हा "फॉरेस्टची जमीन हाय, खांब टाकता येत नाय" असं कुणी सांगितलं तर विचारा, कलम ३(२) चा प्रस्ताव तुम्ही पाठवला का? बहुतेक वेळा पाठवलेलाच नसतो.

दुसरं दार कागदाचं. आधार एका नावाने, रेशनकार्ड दुसऱ्या नावाने, बँकेचं खातं बंद पडलेलं. वीट थापून थापून बोटांच्या रेषा गेल्या, मशीन अंगठा घेत नाही. शिवाय आपल्या भागात एक वेगळीच अडचण आहे. पाडा गावात की शहरात? पंचायतीत गेलं तर म्हणतात तुम्ही नगरपालिकेत, नगरपालिकेत गेलं तर म्हणतात तुमची जागा वनखात्याची. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरं आपल्या अंगावर चढत आली. आपण कुठे गेलो नाही. तेव्हा आपला पाडा कुणाच्या हद्दीत आहे, हे लेखी मागणं हे पहिलं काम.

तिसरं दार रोकडीचं. अनुदान बँकेत मागाहून येतं, टाकीचे पूर्ण पैसे आधी मोजावे लागतात. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या घराने एवढी रोकड एकदम आणायची कुठून? अनुदान त्याच्यासाठी, ज्याच्या खिशात आधीच पैसा आहे, असा हा कारभार आहे. पाच किलोची छोटी टाकीही योजनेत मिळते, हे आपल्या बायांना कुणी सांगतच नाही. भट्टीवर गेलेल्यांनाही गॅस मिळू शकतो. २०२१ पासून स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं लेखी घोषणापत्र चालतं.

इथे एक इशारा देतो. गॅस आला म्हणून मोळीचा हक्क संपत नाही. "तुमच्याकडे टाकी आहे, आता रानात कशाला येता" असं गार्ड म्हणाला तर त्याला कायदा वाचून दाखवा. गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंटंही आहेत. धूर आपल्या बायांच्या छातीत जातो, हे खरं. गॅस आम्हाला हवाच आहे. पण एका हाताने टाकी आणि दुसऱ्या हाताने रान काढून घेणं, हा सौदा आम्हाला मान्य नाही.

आता सौरऊर्जेचं. सूर्यघरमध्ये एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ऐकायला चांगलं. पण त्याला पॅनल पेलणारं छप्पर लागतं, आणि मीटर लागतो. कुडाच्या, कौलाच्या घराला त्याचा काय उपयोग? म्हणजे बंगल्याचं बिल कमी होईल आणि झोपडी तशीच राहील. आपल्यासाठी जनमनमधली वेगळी तरतूद आहे. जिथे तार नेणं शक्य नाही तिथे ०.३ किलोवॅटचा स्वतंत्र सौर संच. दिवे, पंखा, मोबाईल चार्जिंग एवढं त्यावर भागतं. मात्र तार जवळून जात असताना संचावर बोळवण करू देऊ नका. जिथे तार शक्य तिथे तारच मागा. संच घेतलाच तर बॅटरी बिघडल्यावर कोण येणार, त्याचं नाव आणि नंबर लिहून घ्या.

आणि सौर म्हणजे नुसता दिवा नाही, जमीनही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्पासाठी सरकारी जमिनी दिल्या जातात, खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी याला आमचा विरोध नाही. पण ज्या गुरचरणावर आपली गुरं चरतात, ज्या तुकड्यावर आपण नाचणी-वरी पिकवतो आणि ज्याचा दावा अजून पडून आहे, तो "पडीक" म्हणून दाखवला जातो का, यावर डोळा ठेवा. वनपट्टा वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कुणी पट्टा कंपनीला द्यायचा कागद घेऊन आला तर अंगठा देऊ नका.

इंटरनेटचं काय? केबल ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येते आणि कपाटात बंद होते. वाडी तिथून तीन-चार किलोमीटर. आणि हा पैसा कुणी उपकार म्हणून देत नाही. मोबाईल कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा याच कामासाठी घेतला जातो. आपण रिचार्ज मारतो त्यातून तो जातो. टेकाडावर चढून जी पोरगी रेंज शोधते, तिच्या रिचार्जचेही पैसे त्यात आहेत. आज रेशन, दाखला, पेन्शन, भरती, सगळं ऑनलाइन झालंय. ज्याला रेंज नाही त्याला सरकार नाही. म्हणूनच आम्ही अजून हे पत्रक कागदावर काढून हातोहात पोचवतो.

काही साथी विचारतात, जनमन फक्त कातकऱ्यांना का, ठाकूर-महादेव कोळ्यांना का नाही? प्रश्न रास्त आहे. त्यांच्यासाठी २ ऑक्टोबर २०२४ ला धरती आबा अभियान आलं, पण ते आदिवासीबहुल गावं निवडतं. मिश्र गावातला आपला छोटा पाडा त्यातून गळतो. याचा राग शेजारच्या वाडीवर काढू नका. यादी आपण केलेली नाही. तार वाडीत आली तर ती सगळ्यांच्या घरात गेली पाहिजे, ही मागणी आपण एकत्र करायची.

बारवीचं पाणी उल्हासनगरच्या नळाला आणि अंबरनाथच्या कारखान्यांना जातं. रान आपण राखलं म्हणून पाणी टिकलं. त्या शहरांचा उजेड आपल्याला रोज रात्री अंगणातून दिसतो. त्यातला आपला वाटा आपण मागतोय, भीक मागत नाही.

तेव्हा २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी आत्तापासून तयारी करा. घरवार यादी बनवा: मीटर आहे की नाही, टाकी आहे पण भरते का, रेंज कुठे येते, घर कोणाच्या जमिनीवर. यादी पोरांनी लिहावी, बायांनी तपासावी, कारण घरातलं खरं त्यांनाच माहीत. कलम ३(२) चा ठराव मांडा. निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, नाहीतर ठराव पाडायला साहेबाला निमित्त मिळेल. भोगवटादार म्हणून मीटरचे अर्ज एकेकट्याने नको, सगळ्या वाडीने एकाच दिवशी द्या. आणि प्रत्येक कागदाची पोच संघटनेच्या फाईलला लावा.

दिवा लागेल. पण घराखालची जमीन आपल्या नावावर होईपर्यंत तो कुणीही येऊन विझवू शकतो, हे विसरू नका. म्हणून मीटरचा अर्ज आणि जमिनीचा दावा, दोन्ही एकाच पिशवीत घेऊन चला.

जमीन आमच्या हक्काची! उजेड आमच्या हक्काचा!