शिशुधानी म्हणजे खिसा नव्हे

कल्पित जगांवर आधारलेले खेळ रचणाऱ्यांना शिशुधान प्राण्यांचे मोठे आकर्षण वाटते. एखाद्या परिचित पशूच्या पोटाला पिशवी जोडली की नवा प्राणी सिद्ध झाला, अशी समजूत त्यामागे पुष्कळदा दिसते. ही समजूत निसर्गावर अन्याय करणारी तर आहेच. परंतु ती कल्पनाशक्तीलाही दरिद्री करते.

शिशुधानी ही एका विशिष्ट जननपद्धतीचे अंग आहे. तांबड्या कांगारूचा गर्भ मादीच्या उदरात सुमारे ३३ दिवसच राहतो. जन्मतेवेळी पिलाचे वजन एक ग्रॅमहूनही कमी भरते. त्याचे डोळे मिटलेले आणि मागचे पाय अविकसित असतात. तरीही ते पुढच्या पायांच्या बळावर आईच्या केसांतून चढत जाऊन शिशुधानी गाठते, स्तनाग्र तोंडात धरते आणि पुढील कित्येक महिने तेथेच वाढते.

प्राण्याची राहणी बदलली की शिशुधानीही बदलते. वाँबट जमीन उकरतो. त्याच्या मादीची शिशुधानी मागच्या बाजूस उघडते, म्हणून तीत माती शिरत नाही. अमेरिका खंडातील यापोकची मादी बुडी मारताना शिशुधानीचे तोंड आवळून घेते. वटवाघळाचे पंख अथवा देवमाशाची वल्ही लाभलेला शिशुधान प्राणी मात्र ज्ञात नाही. जन्मताच चढावे लागत असल्यामुळे पुढच्या पायांचे रूप फारसे पालटू शकले नसावे, असे काही शास्त्रज्ञ मानतात.

१९९६ साली जपानमध्ये निघालेल्या ‘पोकेमॉन’ या खेळात पिलाला पोटाशी वागवणारी ‘कांगासखान’ आहे. पुढे १९९९ पासूनच्या खेळांत ती अंड्यातून बाहेर पडते तीच पिलासह! गंमत म्हणून हे खपून जाईल. पण पिलाचा तो विलक्षण प्रवास येथे मुळातच नाहीसा झाला आहे.

भारतात शिशुधान प्राणी निसर्गतः आढळत नाहीत. त्यामुळे येथील मुलांची त्यांच्याशी पहिली ओळख चित्रांतून किंवा खेळांतूनच होण्याचा संभव अधिक. ती ओळख पोकळ असू नये. उडणारा शिशुधान प्राणी अवश्य कल्पावा; मात्र त्याचे नवजात पिलू शिशुधानीपर्यंत कसे पोहोचते, हा प्रश्न रचनाकाराने प्रथम स्वतःला विचारावा. कदाचित त्याचे पंजे आधी चढतील आणि त्यांचे पंख मागाहून होतील. निसर्गाचा नियम मानल्याने कल्पनेला अशी नवी वाट सापडते.