एका सुईत उठलेली गाय



गाय दोन दिवस रवंथ करीत नाही, अंगात ताप आहे, पुढ्यातले कुटार तसेच पडून आहे. कोणीतरी येतो, एक सुई टोचतो आणि संध्याकाळी गाय खायला लागते. मग त्याच्या हाताला गुण आहे, अशी गावभर वाहवा होते.

हा गुण हाताचा नव्हे, बहुधा डेक्सामेथासोनचा असतो. मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे द्रव्य तयार करतात. त्याच धर्तीवर १९५० नंतरच्या दशकात कारखान्यात तयार झालेले, पण त्याहून कितीतरी पट जोरकस असे हे औषध. त्याने सूज ओसरते, ताप उतरतो, भूक लागते. जंतू मात्र मरत नाहीत. उलट त्यांच्याशी झगडणारी शरीराची ताकदच दबते. जागल्याला झोपवले की रानडुकरांना वावर मोकळेच!

माणसांतही हेच दिसले. २०२० साली याच औषधाने प्राणवायूवर असलेल्या कोविड रुग्णांचे प्राण वाचवले आणि २०२१ मध्ये स्टेरॉइडचा अतिरेक व मधुमेह एकत्र आले तिथे काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कितीतरी डोळे नेले.

गोठ्यात सर्वांत मोठा धोका गाभण गाईला. शेवटच्या तीन महिन्यांत ही सुई दिली तर गाय गाभडू शकते किंवा वेळेआधी विते, वार अडकते. आर्वी-कारंजाकडच्या गवळाऊ पाळणाऱ्यांना एक वेत बुडाले म्हणजे काय गेले, हे मी काय सांगावे! दुभत्या गाईचे दूधही घटते.

औषध वाईट नाही. व्यायल्यानंतरच्या कीटोसिसमध्ये, ॲलर्जीच्या सुजेत ते उपयोगी आहे. पण ते पशुवैद्यकाने ठरवायचे. मी शेतीचा पदवीधर, डोस सांगणार नाही.

गाय कधी भरवली हे बहुधा घरच्या बाईलाच तोंडपाठ असते. तेव्हा सुई देताना तिने गोठ्यात हजर राहावे, कितवा महिना ते आधी सांगावे, बाटलीवरचे नाव मुलांकडून वहीत उतरवून घ्यावे. दूध किती दिवस वापरायचे नाही, तेही विचारावे.

आणि घरात कोणी सांधेदुखीवर अशीच गोळी महिनोन्महिने घेत असेल, तर ती एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर सुस्तावलेली असते. गोळीची पट्टी घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा; डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतील.